दुसऱ्या भट्टीतला दोष

कोल्हापूर,
१४ मार्च २००६

प्रिय धम्मपाल,

‘प्रिय’ हा शब्द पत्रलेखनाच्या रीतीला धरून लिहिला आहे. आज त्याला किती आधार उरला आहे, हे पत्र वाचून झाल्यावर तुझे तूच ठरव. आशीर्वाद लिहिलेला नाही, आणि तो विसरल्यामुळे राहिलेला नाही. नेहमीचा ‘सप्रेम जयभीम’ही या वेळी नाही, त्याचे कारण यथाक्रम येईल. माझे घर आणि तुझा फ्लॅट यांत रिक्षाचे जेमतेम भाडे होईल एवढे अंतर असताना मी पाकिटाला तिकीट चिकटवते आहे, याचे तुला नवल वाटेल. कारण साधे आहे. यंत्राविषयी वाद असला तर तू तासन्‌तास बसतोस. तुझ्या वागण्याविषयी असला तर समोरच्याने दुसरे विधान मांडले की उठतोस. पूर्वी पाणी प्यायला उठायचास, मग फोन घ्यायला, हल्ली गाडी काढायला. या पत्रापुढूनही तुला उठता येईल. पण पत्र तिथेच राहील, आणि तू परत येईपर्यंत त्यातले एकही विधान मवाळ झालेले नसेल.

विषय प्रीती कांबळेचा आहे. मुरगूडची ही मुलगी तीन वर्षे तुझ्या कचेरीत प्रोग्रॅम लिहीत होती आणि फेब्रुवारीत तू तिला घरी पाठवलेस. पुण्यातल्या एका कंपनीने तिची निवड केली आहे. या शनिवारपर्यंत तिने अनुभवाचा दाखला दिला नाही तर ती जागा दुसऱ्याला जाईल. तू दाखला नाकारलेला नाहीस. इतका उघडा तू कधी होत नाहीस. तू अट घातलीस. गणपतरावांच्या फौंड्रीत जे नुकसान झाले ते माझ्या हलगर्जीमुळे झाले, असे तिने आधी स्वहस्ते लिहून द्यावे, मग दाखला. तो कागद गणपतरावांना दाखवला की त्यांच्या नव्या कारखान्याचे कामही तुझ्याकडेच राहते, हा त्यातला हिशोब मला समजतो. प्रीती माझ्याकडे तक्रार घेऊन आली नाही. ती एक प्रश्न घेऊन आली. “मॅडम, पोटासाठी सही केली तर ती खोटी साक्ष हुती काय?” इतका नेमका प्रश्न मला तीस वर्षांच्या नोकरीत बी.ए.च्या वर्गात कोणी विचारला नव्हता. मी तिला उत्तर देण्यासाठी दोन दिवस मागून घेतले, कारण ती साक्ष खोटी आहे हे आधी सिद्ध व्हायला हवे होते. ते आता झाले आहे. सिद्धता तुझ्यासमोर मांडते.

त्यासाठी मागे जावे लागेल. १९९९ साली उद्यमनगरात लेथच्या दुकानावरची ती खोली घेऊन तू धंदा सुरू केलास, तेव्हा आपल्या घरात एक रीत पडली. गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक प्रोग्रॅम तू रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला समजावून सांगायचास आणि मी पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचे आक्षेप, करायची. मला संगणक येत नव्हता, आजही येत नाही. पण ‘हे असे आहे’ असे कोणी म्हटले की ‘कशावरून?’ असे विचारता येते, आणि तेवढ्याने बहुतेक इमारती हलतात. मी मटार सोलत विचारायची, तू चिडायचास, मग कागद ओढून पुन्हा काढून दाखवायचास. “आईला पटलं की गिऱ्हाइकाला पटतंयच,” असे तू लोकांना सांगायचास. फौंड्रीचा प्रोग्रॅम तू असाच मांडलास. प्रत्येक भट्टीसाठी त्यात एक स्वतंत्र थ्रेड होता, म्हणजे कामाचा एक वेगळा धागा. सगळ्यांची मेमरी एकच, पण आपापली टिपणे ठेवायला प्रत्येकाला आपापला कोनाडा हवा. तो कोनाडा कुठे सुरू होतो हे प्रोसेसरमधली एक जागा सांगते. तशा दोन जागा होत्या, एफएस आणि जीएस. “आई, चार भावंडं एका घरात हाईत असं समज,” तू म्हणालास. “समद्यांनी म्हटलं, माझ्या कोनाड्यातलं उचल. वाक्य एकच, खरं हात चार ठिकाणी जातोय.”

मी तेव्हा म्हटले होते की आमच्या तर्कशास्त्रात ‘माझे’ या शब्दाची हीच गत आहे. वाक्य तेच राहते आणि बोलणारा बदलला की वस्तू बदलते. म्हणून ‘माझे’ कुठे बोट दाखवते हे ज्याच्या हाती आहे, त्याच्या हाती सगळेच आहे. तू टेबलावर थाप मारलीस आणि मटार जमिनीवर सांडले. त्या दिवशी तू मला फार आवडला होतास, हेही नोंदवून ठेवते, कारण पुढे तशी नोंद करण्याजोगे काही येत नाही.

त्या वेळच्या मशीनवर सी भाषेची लायब्ररी, म्हणजे ज्या तयार कामांच्या आधाराने तुमचे सारे प्रोग्रॅम चालतात ती, आपल्या कोनाड्यांसाठी जीएस वापरत असे. एफएस रिकामा होता. तो तू भट्टीच्या नोंदीसाठी घेतलास. ‘जीएस त्यांचा, एफएस आपला’ हे तू इतक्या वेळा म्हणालास की पुढे प्रीती कामावर आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने ते मला पाढ्यासारखे म्हणून दाखवले. मी त्या रविवारी विचारले होते: एफएस मोकळा आहे, कशावरून? तू म्हणालास, ह्या मशीनवर लायब्ररीवाल्यांनी जीएस धरलाय म्हणून. ‘ह्या मशीनवर’ हे दोन शब्द मी तेव्हाच तुला अधोरेखित करायला लावले होते. जिथे अग्नी तिथे धूर, हे लाकूड ओले असेपर्यंतच खरे. त्या ओलेपणाला आम्ही उपाधी म्हणतो. उपाधी विसरून नियम तेवढा पाठ करणारा माणूस तर्क करत नसतो, घोकत असतो. तू त्या दिवशी मान डोलावली होतीस. तुझ्या मान डोलावण्याचा अर्थ मी पुरता ओळखलेला नव्हता, तो गेल्या गुरुवारी समजला.

जानेवारीत गणपतरावांकडे चौसष्ट बिटांचे नवे मशीन बसले. त्या रविवारी मी वाट पाहिली. तू आला नाहीस, फोन केलास. “आई, ह्यात बदल काय न्हाय गं. नुसतं मशीन नवं, गाडी तीच.” सहा वर्षांत पूर्वपक्षाशिवाय बाहेर पडलेला हा तुझा पहिला प्रोग्रॅम. आता पाहा, प्रीतीने मला कागदावर काढून समजावले ते. नव्या मशीनवर लायब्ररीने जागा बदलली होती. तिथे तिने एफएस स्वतःसाठी घेतला आणि जीएस मोकळा सोडला. तुझा नियम शब्दशः उलटला होता. अशा मशीनवर ही जागा बदलायची तर लिनक्सच्या गाभ्याला, कर्नलला, एक खास विनंती करावी लागते. आर्च-पीआरसीटीएल हे त्या सिस्टिम कॉलचे नाव. ज्या थ्रेडने विनंती केली त्याच्यापुरता, आणि फक्त त्याच्यापुरता, कर्नल तो पत्ता बदलून देतो. या कॉलसाठी लायब्ररीने तयार दारसुद्धा ठेवलेले नाही. तो क्रमांकाने, हाताने करावा लागतो. ज्या घराने आपल्याला दार ठेवलेले नाही त्या घरात मागून शिरताना माणसाने निदान आत कोण राहते हे पाहावे. तू पाहिले नाहीस. प्रत्येक थ्रेडच्या सुरुवातीला तू लिहिलेस, एफएस या पत्त्यावर ठेव. कर्नलने ठेवला आणि यशस्वी म्हणून कळवले. पत्ता ग्राह्य आहे, एवढाच त्या यशाचा अर्थ. ती जागा तुझी होती असे कर्नल म्हणालेला नाही. ते त्याला कोणी विचारलेलेच नव्हते.

यात प्रीतीचे काय होते, तेही सांगते. भट्टीच्या तापमानाचे आकडे तारेवरून वाचण्याचा भाग तिने त्याच सुमारास नव्याने लिहिला होता. जुन्या पद्धतीत एका भट्टीची तार बंद पडली की वाचणारा धागा तिथेच उभा राहायचा. तिच्या पद्धतीत तो थांबत नाही. काही मिळाले नाही तर तसे कळवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारतो. ‘आत्ता काही नाही, नंतर विचारा’ याला लिनक्समध्ये अकरा हा क्रमांक आहे. असा क्रमांक आला की लायब्ररी तो त्या थ्रेडच्या कोनाड्यात, एफएसच्या पत्त्याच्या ठराविक अंतर मागे, टिपून ठेवते. पण कोनाडा तू हलवला होतास. भट्ट्यांच्या नोंदी एकीला लागून एक होत्या, त्यामुळे तिसऱ्या भट्टीचा अकरा दुसऱ्या भट्टीच्या नोंदीच्या शेपटीत जाऊन पडे. तिथे सेन्सरच्या दुरुस्तीचा आकडा होता. जिथे तीस अंश वजा व्हायला हवे होते, तिथे अकरा अधिक होऊ लागले. पडद्यावर लोखंडाचा रस तापलेला दिसायचा आणि भट्टीत तो तेवढा तापलेला नसायचा. थंड रस ओतला गेला, साच्यांच्या कडा भरल्या नाहीत, आणि सुटे भाग घेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी अख्खी खेप परत पाठवली. कचेरीत हे का दिसले नाही? कारण कचेरीत तुम्ही एकाच खोट्या भट्टीवर चाचणी घेतली. शेजारच नव्हता, मग शेजाऱ्याचे नुकसान कुठून दिसणार?

तुझा पुरावा मी ऐकला आहे. तूच फोनवर दिलास: “तिचा भाग काढला, बंद झालं. आणि काय पुरावा पायजे?” आणखी बराच पाहिजे, धम्मपाल. तिचा भाग काढला की दोष दिसेनासा होतो, हे खरे. तुझी ओळ काढली आणि तिचा भाग ठेवला तरी दोष जातो, हेही खरे. पहिला प्रयोग तू केलास, दुसरा केला नाहीस, आणि एका पायावर उभ्या असलेल्या या अनुमानाला पुरावा म्हणालास. बोलणाऱ्याचे तोंड दाबल्यावर बोंब थांबते. त्यावरून आग त्यानेच लावली होती असे ठरत नाही. शिवाय तो आकडा प्रत्येक वेळी अकराच कसा होता, हे तुला एकदाही खटकले नाही? हलगर्जी माणसाच्या चुका तऱ्हेतऱ्हेच्या असतात. हलगर्जीपणाला सातत्य नसते. जिथे परिणाम हुबेहूब तोच येतो तिथे कारण एका जागी बसलेले असते, आणि बहुधा कोणीतरी मोठ्या आत्मविश्वासाने बसवलेले असते.

दुसरा प्रयोग प्रीतीने केला. केबल हाताने उपटून तिने तारेचा दोष मुद्दाम घडवला, दोन खोट्या भट्ट्या शेजारी ठेवल्या, अकरा पडताना डोळ्यांनी पाहिला, आणि तुझ्या ओळीत एफएसच्या जागी जीएस केल्यावर तो पडायचा थांबला. हे तिने तुझ्या टेबलाशी येऊन तुला दाखवले. तू म्हणालास, “ते मी बघतो.” त्याच आठवड्यात तू तिला काढून टाकलेस.

इथवर मला वाटत होते की तू घाबरलास आणि लपलास. घाबरणे हा दोष आहे, पण तो माणसाचा म्हणता येतो. तुला खरोखर कारण समजलेलेच नसेल, ही शक्यताही मी तुझ्या बाजूने राखून ठेवली होती. ती शक्यता गणपतरावांनी मोडली.

गेल्या गुरुवारी दुपारी ते पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. नव्या कारखान्याचे काम तुला द्यायचे ठरले, म्हणून आईचे तोंड गोड करायला. वेताच्या खुर्चीत बसले. बाबासाहेबांची तसबीर त्यांच्या पाठीमागे होती. “बाई, तुमच्या पोरानं आमची अब्रू राखली बघा. लई डोस्कं हाय डीबीला. एका ओळीचं काम हुतं म्हणं. तेवढी बदलली आणि आता पयल्यापेक्षा झ्याक चाललंय. आदी एक तार गेली की समदं थटायचं, आता थटत सुदीक न्हाय.” मी विचारले, कुठली ओळ? ते हसले. “ते आम्हास्नी काय कळतंय? आमी लोखंडाची मानसं.” त्यांना कळले नाही, मला कळले. प्रीतीचा भाग पानांनी मोजावा एवढा आहे. एका ओळीचा दोष त्या साऱ्या प्रोग्रॅममध्ये एकच होता. आणि तार गेली तरी काम थांबत नाही याचा अर्थ तिचा भाग तू परत बसवला आहेस. म्हणजे आज त्या फौंड्रीत तिचेच काम चालते, तिनेच सांगितलेल्या दुरुस्तीवर चालते, आणि तुझ्या टेबलावर तिच्या कबुलीचा कोरा कागद सहीची वाट पाहतो. अज्ञानाची सबब इथे संपते.

गणपतरावांचे बोलणे मात्र संपले नव्हते. “खरं सांगू बाई, त्या पोरीला ठिवायलाच नको हुतं. कोट्यातनं आल्याली. सर्टिफिकीट हाय, डोस्कं न्हाय. आपल्यातली असती तर येवढं लोखंड वाया गेलं नसतं, व्हय का न्हाय?” मी विचारले, हे तुम्ही धम्मपालशी बोललात का? त्यांना नाव कळेना. डीबीशी, म्हटले. “तर वो! त्याच्या तोंडावरच म्हटलं की. मान हलवली त्यानं. म्हटला, म्होरल्या टायमाला बघून घेतो.”

मी त्यांना विचारले की आपल्यातली म्हणजे कोणातली. “आता ते तुम्हास्नी काय सांगायचं, बाई?” मग मीच सांगितले. माझे माहेरचे आडनाव कांबळे. नेसरीकर हे आडनाव घेण्याआधी माझ्या नवऱ्याचेही कांबळेच. डीबी म्हणजे धम्मपाल भाऊसो. आणि एकदा मागे वळून भिंतीकडे पाहावे, अशी विनंती केली. ते वळले. नंतर म्हणाले, “तसं न्हवं वो बाई. तुमचं येगळं हाय. तुमी शिकल्याली मानसं.” प्रीतीही शिकलेली आहे, मी म्हटले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मी त्यांना पेढे परत दिले आणि त्यांनी ते घेतले. मला त्यांच्याकडून काही अपेक्षा नव्हती, म्हणून राग आला तो मोजका. पण उंबऱ्यापाशी जाऊन त्या माणसाने मला एक प्रश्न विचारला, तो तुझ्याकडे पाठवते. “मग डीबी का बोलला न्हाय, बाई?”

तुझे बाबा पाटबंधारे खात्यात लागले आणि आम्ही कोल्हापुरात खोली शोधत होतो, तेव्हा आडनाव ऐकले की खोली नुकतीच गेलेली असायची. म्हणून त्यांनी गॅझेटात गावावरून नेसरीकर केले. नेसरी आपले गाव होते, त्यात खोटे काही नव्हते. दार उघडावे एवढ्यासाठी ते आडनाव होते. आत गेल्यावर पहिल्या पगारातून त्यांनी हीच तसबीर आणली आणि येणाऱ्याला समोर दिसेल अशी लावली. घरमालकाने खोली सोडायला सांगितली. बाबांनी सोडली. पुढच्या खोलीत सामान लावण्याआधी खिळा ठोकला. जे आडनाव त्यांनी दारातून आत येण्यासाठी घेतले, त्याच्यामागे तू दार लावून बसला आहेस. मी तुला चौकात उभे राहून जात सांगायला लावत नाही. ते कोणावर लादण्याचा हक्क मला नाही, आणि गप्प राहून पोट भरणाऱ्या माणसाला मी कधी हसलेले नाही. पण गप्प राहणे आणि मान हलवणे यांत फरक आहे. गणपतरावांच्या वाक्यात दोन विधाने होती. एक, ही मुलगी चुकली. दोन, ती चुकली कारण ती ‘आपल्यातली’ नाही. पहिले खोटे आहे हे त्या खोलीत फक्त तुला माहीत होते. दुसरे खोटे आहे याचा पुरावा त्या खोलीत तू स्वतः होतास. आणि तू मान हलवलीस. या माणसाला मी जयभीम कोणत्या तोंडाने लिहू?

तू म्हणशील की तुझ्याकडे दहा माणसे पगारावर आहेत, गणपतराव गेले तर त्यांच्या चुली विझतील. हा तुझा नेहमीचा शेवटचा युक्तिवाद, आणि मी तो हलका समजत नाही. पण त्यातून निघते काय? दहा जणांसाठी एकाला बुडवावे, असे निघत असेल तर तो एक कोण हे निवडण्याची पद्धत काय, तेही सांग. तू निवडलीस ती जिच्या बाजूने कोणी बोलणार नाही अशी व्यक्ती. या पद्धतीने निवडलेली माणसे मी लहानपणी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांत तुझे आजोबा होते.

आता हे पत्र कशासाठी, ते. धंदा माझ्या नावावर आहे, हे तू विसरला असशील. महिला उद्योजकांची योजना होती म्हणून तू माझ्या सह्या घेतल्या होत्यास, “आई, नुसती फॉर्म्यालिटी.” गेल्या शनिवारी मी मालक या नात्याने प्रीतीचा दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला आणि तिला बोलावून घेतले. तुला फक्त कळवायचे बाकी आहे, अशा समजुतीत मी होते. तिने तो उभ्यानेच वाचला, नीट घडी केली आणि टेबलावर परत ठेवला. “मॅडम, तुमी माझं काम बघितलं न्हाय. ज्यानं बघितलंय त्यानं लिवावं. तुमी लिवला तर ती दया झाली, दाखला न्हाय झाला.” मी तिच्याशी तासभर वाद घातला. पुण्याची जागा जाईल, म्हटले. “जाऊ दे की,” म्हणाली, आणि डोळे पुसले. तुझ्या कागदावर ती सही करणार नाही, माझा कागद ती घेणार नाही. साक्ष पाहणाऱ्याचीच असते, हे मीच आयुष्यभर शिकवले आणि त्या पोरीने मला त्यावरच हरवले. तेव्हा माझ्या हातात असलेले सगळे अधिकार वापरून झाले आणि जे हवे आहे ते फक्त तुझ्याकडे आहे. मला तुझ्याकडे मागायला यावे लागले आहे, धम्मपाल, आणि एवढे सगळे लिहून झाल्यावर मागते आहे, कारण आधी मागितले असते तर तू ते आईचे मन राखणे समजला असतास. शनिवारच्या आत तिचा दाखला लिही. दोष कोणाच्या ओळीत होता आणि तो कोणी शोधला, ते त्यात लिही. खाली पूर्ण नाव घाल. तू हे करशील का, याचा विचार मी तीन दिवस करते आहे. तुझ्या आजवरच्या वागण्यावरून अनुमान एकच निघते. मी ते सगळ्या बाजूंनी तपासले आणि त्यात मला कुठेही दोष सापडत नाही. ते चुकावे, असे मला वाटते आहे.

तुझीच,
आई